बंद कंपनीच्या जागेवर कलाकृती करायची आहे, काम कलाकाराकडे कसं द्यावं? (ठाणे)

पोखरणकर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सल्ला खरंच हवाय. पोखरण रोडच्या पट्ट्यातली एक जुनी कंपनी बंद होऊन तिथे टॉवर झाले, आम्ही त्यातच राहतो, आणि लेआउटमधला साधारण दीड एकराचा आरजी (रिक्रिएशन ग्राउंड, म्हणजे मोकळा ठेवायचा) प्लॉट आता बागेसाठी सोडलाय. त्यावर तीन गोष्टी पाडायच्या राहून गेल्यात. विटांची चिमणी, ओव्हरहेड क्रेनची गँट्री म्हणजे खांबांच्या दोन रांगा आणि वरचे गर्डर (छप्पर गेलं), आणि गेटजवळचा ट्रकचा वजनकाटा. बिल्डर आणि सोसायट्यांचं फेडरेशन मिळून कमिटी केलीये, मी तिच्यात आहे. बजेटमध्ये "कलाकृती" म्हणून रक्कम धरलीये आणि बऱ्यापैकी धरलीये. पण कन्सल्टंटने जे प्रेझेंटेशन आणलं त्यात गँट्री भंगारात, चिमणी जमीनदोस्त आणि त्या जागी फायबरचे फ्लेमिंगो, कारंजं आणि शहराच्या नावाची मोठी अक्षरं.

फ्लेमिंगोंशी माझं भांडण नाही, पण ते खाडीवर येतात, पोखरण रोडला नाही. ती मांडणी उद्या उचलून बोरिवलीला नेऊन ठेवली तरी कोणाला काही कळणार नाही, आणि मला तेच खटकतंय. ठाणं कंपन्यांवर वाढलंय. रेमंडची गिरणी १९२५ पासूनची, १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी सुरू झाली तेव्हा पहिली वसाहत वागळे इस्टेट, मग खाडीपलीकडे दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत केमिकलचा अख्खा पट्टा. आता बऱ्याच कंपन्या गेल्या, रिक्षावाले अजून त्यांच्याच नावाने स्टॉप सांगतात, पण आत काय बनायचं आणि ते कोण बनवायचं हे आमच्या मुलांना माहीतच नाही.

माझं म्हणणं एवढंच की आधी कलाकार निवडा, त्याला जागेवर वेळ घालवू द्या, जुन्या लोकांशी बोलू द्या, वस्तू काय करायची ते त्यातून ठरू दे. कमिटी म्हणते आधी डिझाइन दाखवा मग पैसे. हे कोणी केलंय का कुठे? कागदावर कसं मांडायचं?

माती_आणि_ब्राँझ

मी शिल्पकार आहे, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचा, त्यामुळे हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आणि जगात नीट झालेली कामं याच क्रमाने झालीत. जर्मनीत रूर भागात कोळसा आणि पोलाद बंद पडलं तेव्हा १९८९ ते १९९९ अशी दहा वर्षं एम्शर पार्क नावाचा मोठा कार्यक्रम चालला. तिथल्या एसेन शहरात शुरेनबाख नावाची खाणीच्या कचऱ्याची टेकडी आहे, तिच्या माथ्यावर रिचर्ड सेरा या शिल्पकाराने १९९८ मध्ये पोलादाचा एकच उभा पाट (स्लॅब) लावला, साधारण १५ मीटर उंच, ६७ टन. बाकी काही नाही, आजूबाजूला झाडंसुद्धा लावली नाहीत, माथा काळा खडीचा तसाच ठेवला. तिथल्या रोलिंग मिलमधून वर्षानुवर्षं तसलेच स्लॅब निघायचे. त्या भागातल्या माणसाला ते काय आहे हे सांगावं लागत नाही. तोच पाट दुसरीकडे ठेवला तर नुसतं लोखंड आहे.

आता तुमचा मुद्दा, आधी डिझाइन की आधी कलाकार. आपल्याकडे हे काम "सुशोभीकरण" या सदराखाली जातं आणि टेंडर निघतं, ज्याचा दर कमी त्याला काम. मग ठेकेदार कोणाकडून तरी फायबरचे साचे घेतो. कलाकार त्यात असतोच कुठे? तुमचा प्लॉट खाजगी लेआउटमधला आहे म्हणजे टेंडरची सक्ती नाही, तेव्हा दोन टप्पे करा. पहिल्या टप्प्यात अर्ज मागवा, त्यात डिझाइन मागूच नका, फक्त आधीची कामं आणि एक पानभर की या जागेत तुम्हाला काय दिसतं. त्यातून तीन-चार जण निवडा आणि त्या प्रत्येकाला पैसे द्या, हे महत्त्वाचं, फुकट डिझाइन मागू नका, फुकट मागितलं की लोक जुनंच रेडीमेड काढून देतात. हे पैसे जागेवर राहून, फिरून, माणसांना भेटून प्रस्ताव करायचे. दुसऱ्या टप्प्यात एकाला काम. म्हणजे कमिटीला बनवायला देण्याआधी डिझाइन दिसतंय आणि कलाकारालाही आधीपासून हात बांधलेले नाहीत. हेच उत्तर द्या त्यांना.

रिटायर्ड_फिटर

मी वागळे इस्टेटला फोर्ज शॉपमध्ये (तापलेलं लोखंड हॅमरने ठोकून घडवायचं खातं) फिटर होतो, सगळी नोकरी तिथेच. तुमची कंपनी ती नाही पण चिमणी गँट्री काटा म्हटलं की सगळं डोळ्यापुढे आलं. गँट्री भंगारात देऊ नका साहेब. तसल्याच गँट्रीवरच्या क्रेनने आम्ही डाय (लोखंडी साचे) उचलायचो, खाली उभा राहून हात दाखवायचा आणि वरचा ऑपरेटर हातावरून समजायचा, आवाजात बोलून ऐकू यायचंच नाही. हॅमर पडला की भिंतीपलीकडच्या चाळीतली भांडी हलायची.

एक सांगतो कलाकाराला उपयोगी पडेल म्हणून. गेटवर टाइम ऑफिसच्या खिडकीशी लाकडी बोर्ड असायचा, त्यावर खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर पितळी बिल्ला, अंडाकृती, वर भोक, मध्ये नंबर ठोकलेला. आत जाताना आपला बिल्ला काढून पेटीत टाकायचा, भोंगा होऊन दहा मिनिटं झाली की पेटी बंद, मग अर्धा दिवस गेला. बोटं लागून लागून माझ्या बिल्ल्यावरचा आकडा पुसट झाला होता, नखाने चाचपला तरच कळायचा. कंपनी बंद झाली तेव्हा बोर्ड तसाच आत राहिला, पुढे भंगारवाल्याने वजनावर नेला असणार. कितीतरी जणांचे हिशोब लटकले, काही जण पैसे हातात न येताच गेले. तर तुम्ही काही करत असाल तर तेही यावं त्यात. नुसतं "वैभवशाली औद्योगिक वारसा" असली पाटी लावू नका.

पोखरणकर

फिटरकाका, हे वाचून थांबलो थोडा वेळ. तुम्ही लिहिलंत ते आमच्या कमिटीतल्या एकालाही माहीत नाही. आणि तुमचा शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे, कारण पैसे बिल्डर देणार आणि बंद पडल्याची, थकलेल्या हिशोबांची गोष्ट त्याला नको असणार. माती_आणि_ब्राँझ, यावर काय करायचं?

माती_आणि_ब्राँझ

करारातच लिहायचं. प्रस्ताव एकदा निवड समितीने मंजूर केला की त्यातला आशय बदलायचा अधिकार पैसे देणाऱ्याला नाही, सुरक्षेचा प्रश्न असेल तरच बदल. आणि निवड समितीत बिल्डरचा एक, फेडरेशनचे एक-दोन, बाहेरचे कलाक्षेत्रातले दोन आणि जुने कामगार निदान दोन. कामगारांना नुसतं उद्घाटनाला खुर्ची देऊ नका, मत द्या.

दुसरं, कायदा कलाकाराच्या बाजूने थोडा आहे हे कमिटीला माहीत असू दे. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७, कलाकाराच्या कामाची मोडतोड केली तर त्याला दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं प्रचंड ब्राँझ म्यूरल होतं, १९७९ मध्ये त्यांना न विचारता ते काढून गोदामात टाकलं, तुकडे गहाळ झाले. ते कोर्टात गेले आणि २१ फेब्रुवारी २००५ ला दिल्ली हायकोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला, उरलेलं म्यूरल परत आणि ५ लाख भरपाई. निकालाला किती वर्षं गेली बघा. म्हणून काढायची वेळ आली तर काय, कोणाला विचारायचं, हे आत्ताच लिहून घ्या. जागेसाठी केलेलं काम हलवलं की ते काम राहत नाही. सेराचंच न्यूयॉर्कमधलं टिल्टेड आर्क, १९८१ ला एका सरकारी चौकात उभं केलं, तिथे रोज काम करणाऱ्या लोकांचा विरोध, सुनावण्या, कोर्ट, शेवटी १९८९ ला कापून काढलं. मी स्वतः त्या शिल्पाच्या बाजूचा आहे, पण तिथल्या लोकांना आधी कोणी नीट विचारलं नव्हतं हेही खरंच आहे.

दोन_पोरांची_आई

मला कोणाच्या भावना दुखवायच्या नाहीत, फिटरकाकांचं वाचून मलाही भरून आलं. पण दीड एकर जागा ठाण्यात पुन्हा मिळणार नाही. मुलांना खेळायला जागा नाही, म्हाताऱ्यांना सावलीत बसायला बाकडं नाही, बागेत बायकांसाठी धड टॉयलेट नसतं. तिथे मोठं शिल्प उभं करून भोवती साखळी आणि "हात लावू नये" लावणार असाल तर माझा विरोध आहे, मग ते फ्लेमिंगो असोत की आणखी काही.

पोखरणकर

ताई तुमचा विरोध योग्य आहे आणि तो मी कागदात घालणार आहे. पण दोन्ही एकत्र होऊ शकतं. त्याच रूर भागात डुइसबुर्गला मायडेरिखचा कच्च्या लोखंडाचा कारखाना १९८५ ला बंद झाला, पीटर लात्स या लँडस्केप आर्किटेक्टने त्याचा पार्क केला, १९९४ ला उघडला. भट्ट्या पाडल्या नाहीत. खनिज साठवायच्या काँक्रीटच्या बंकरच्या भिंतींवर आता लोक गिर्यारोहणाचा सराव करतात, जुन्या गॅसटाकीत पाणी भरून डायव्हिंग शिकवतात, भट्टीवर जिन्याने वर जाता येतं आणि रात्रीची रोषणाई हीसुद्धा एका कलाकाराची कलाकृती आहे. म्हणजे गँट्रीखाली सावली, झोके, बसायला जागा हे सगळं कलाकारानेच कामाचा भाग म्हणून करायला काय हरकत आहे? वजनकाटा परत चालू करून मुलांना त्यावर उभं राहता आलं तर? अर्थात हे मी ठरवायचं नाही, मीच सांगतोय कलाकाराला ठरवू द्या म्हणून.

सांगाडा_ताई

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, राहते कळव्याला. सगळे कलेबद्दल बोलताय, मी जमिनीखालचं आणि नटबोल्टचं बोलते.

आधी चिमणी. विटांची जुनी चिमणी वरून सरळ दिसते पण वरच्या थरांचा चुना झिजलेला असतो, लोखंडी पट्टे गंजलेले असतात, पिंपळ घुसलेला असतो. ऑडिट होईपर्यंत चिमणीच्या उंचीएवढ्या अंतरात माणूस जाऊ देऊ नका, बॅरिकेड करा. गँट्रीचं ऑडिट सोपं आहे, खांबाच्या बुडाशी पाणी साचून प्लेट किती खाल्लीये ते बघायचं. बऱ्याचदा वरचं लोखंड ठणठणीत असतं आणि बूड गेलेलं असतं.

मग नवीन काम. आपल्याकडच्या कोडप्रमाणे मुंबई परिसरासाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरतात, उंच आणि पसरट काहीही केलं की पाया त्याच्यासाठीच करावा लागतो. इंग्लंडमध्ये गेट्सहेडला अँटनी गॉर्मली यांचं एंजल ऑफ द नॉर्थ आहे, १९९८ चं, २० मीटर उंच, पंख ५४ मीटर, वजन २०० टन. ते जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर आहे, खाली खाणकामाने जमीन पोखरलेली, त्यामुळे पाया २० मीटर खाली खडकापर्यंत न्यावा लागला आणि ६०० टन काँक्रीट घातलं. तुमच्याही जागेत खाली काय आहे हे कोणाला माहीत? जुन्या हॅमरचे, प्रेसचे फाउंडेशन ब्लॉक असतात, केबलचे ट्रेंच, पिट, गाडलेल्या टाक्या. कंपनीचे जुने ड्रॉइंग मिळवा, नाहीतर फिटरकाकांसारख्या माणसाला घेऊन प्लॉटवर फिरा, तो पाय आपटून सांगेल.

आणि एक कळकळीची विनंती. हल्ली प्रत्येक आर्किटेक्ट कॉर्टेन स्टील म्हणतो, गंजका रंग छान दिसतो म्हणून. कॉर्टेनचा गंज घट्ट बसायला ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असं चक्र लागतं आणि हवेत खार नको. आपल्याकडे चार महिने वाळतच नाही आणि खाडी जवळ. होनोलुलूचं अलोहा स्टेडियम १९७५ ला याच स्टीलचं केलं, समुद्राच्या हवेत गंज थांबलाच नाही. इथे साधं स्टील गॅल्व्हनाइज करून वर चांगला रंग, किंवा जिथे पाणी साचतं तिथे ३१६ ग्रेडचं स्टेनलेस. जोड उघडे ठेवा, तपासता आले पाहिजेत. मालवणला राजकोटवरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, एक पावसाळासुद्धा पुरा झाला नाही. ज्या घाईत आपण ही कामं करतो ती घाई मला आता सहन होत नाही.

केमिकल_बेल्ट

ताईंनी पायाचं सांगितलं, मी मातीचं सांगतो. मी रबाळे-महापे पट्ट्यात पर्यावरण विभागात काम करतो. जुन्या कंपनीची जागा म्हणजे माती तपासल्याशिवाय लहान मुलांना तिथे खेळू द्यायचं नाही. मशीन शॉप असेल तर कटिंग ऑइल आणि डिझेल मुरलेलं असतं, प्लेटिंग शॉप असेल तर क्रोमियम, निकेल, रंगकाम असेल तर शिसं. जुनं छप्पर अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्याचे तुकडे जमिनीत मिसळलेले असतात, ते झाडूने लोटायचे नाहीत. प्लॉटचे चौकोन पाडून वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घ्या, मान्यताप्राप्त लॅबमधून करा. दूषित जागांसाठी केंद्राने २०२५ मध्ये स्वतंत्र नियमही काढलेत, बिल्डरला त्याची आठवण करून द्या.

माती खराब निघाली म्हणून घाबरायचं कारण नाही. वर स्वच्छ मातीचा थर घालता येतो, खाली मेम्ब्रेन, झाडं उंच वाफ्यांत. कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान जुन्या डम्पिंग ग्राउंडवर झालंय, आज लोक सकाळी तिथे चालायला जातात. पण रिपोर्ट कलाकाराच्या हातात पहिल्या दिवशी हवा, कारण खोदायचं कुठे आणि खोदायचंच नाही कुठे यावर त्याचं अख्खं काम ठरतं.

खाडीकाठ

मी ऐरोली बाजूची, आगरी घरातली. सगळं वाचलं, चांगली चर्चा आहे, पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. तुम्ही सगळे कंपनीपासून सुरुवात करताय. कंपनीच्या आधी तिथे काय होतं? आमच्याकडे भातशेती होती, खाजण होतं, मिठागरं होती, बाया खाडीत उतरून निवट्या, चिंबोऱ्या काढायच्या. जमिनी कवडीमोलाने गेल्या, मग कंपनीत नोकरी मिळेल म्हणाले, ती गावातल्या थोड्यांना मिळाली आणि खाडीतलं मासं केमिकलने गेलं ते वेगळंच. माझी आजी मरेपर्यंत एका कंपनीच्या गेटकडे बोट दाखवून "तं आपलं शेत" म्हणायची. तुमच्या प्लॉटवर कोणाचं शेत होतं ते सातबाऱ्याच्या जुन्या नोंदीत सापडेल. कामगारांची आठवण ठेवताय तर त्यांचीही ठेवा, नाहीतर अर्धीच गोष्ट दगडात कोरली जाईल.

रिटायर्ड_फिटर

ताई बरोबर आहे तुमचं. आम्ही रत्नागिरी सातारा सोडून पोटासाठी आलो तेव्हा ज्यांच्या जमिनीवर कंपनी उभी त्यांच्यातला एक जण आमच्याच शॉपला हेल्पर होता, जेवणाच्या सुट्टीत तो आंब्याच्या एका झाडाखाली बसायचा, ते झाड त्याच्या घरचं होतं. आम्ही त्याला कधी काही विचारलं नाही. गावं गेली आणि मग आम्हीही गेलो. दोन्ही यायला पाहिजे.

खाडीकाठ

काका, तुम्ही हे लिहिलंत ते बरं वाटलं. कलाकार कोणीही येवो, हे झाडाचं त्याला नक्की सांगा.

आणखी एक, रोषणाईबद्दल. रात्रभर प्रखर दिवे आणि लेझर असलं काही नको. पोखरण रोड खाडीला लागून नाही मान्य, पण ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आहे, पक्षी रात्रीही उडतात, आणि आकाशात मारलेला झोत लांब जातो. दिवे खाली बघणारे ठेवा आणि ठरावीक वेळेला बंद करा. पक्ष्यांचे पुतळे उभे करण्यापेक्षा हे केलं तर पक्ष्यांना जास्त उपयोग आहे.

सांगाडा_ताई

दिव्यांचं पटलं, वीजबिलही कमी येईल.

कायद्याचं एक राहिलं. कमिटीतलं कोणी म्हणेल की शिल्प बाहेर चौकात ठेवू, जास्त लोकांना दिसेल. सार्वजनिक रस्ते, फूटपाथ अशा जागी पुतळे किंवा बांधकामाला परवानगी देऊ नका असा सुप्रीम कोर्टाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. प्लॉटच्या आतच ठेवा. पण गेट सगळ्यांसाठी उघडं ठेवा, टॉवरवाल्यांपुरतं नको.

माती_आणि_ब्राँझ

गेटचं फार महत्त्वाचं आहे, ताई बोलल्या ते करारात लिहा. जुना कामगार आपल्याच कंपनीच्या जागेवर सिक्युरिटीला विचारून आत येणार असेल तर सार्वजनिक कला म्हणू नका त्याला.

पैशाचं थोडं. फ्रान्समध्ये सरकारी इमारतीच्या खर्चाचा एक टक्का कलेसाठी काढायचा नियम १९५१ पासून आहे (सुरुवातीला शाळा-कॉलेजच्या इमारतींपुरता), अमेरिकेत फिलाडेल्फियात १९५९ पासून. आपल्याकडे बिल्डरवर तशी सक्ती नाही, पण कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सीएसआरसाठी (कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायचा खर्च) कला-संस्कृती आणि वारसा येतात, आजूबाजूच्या चालू कंपन्यांकडे त्या खात्यातून मागता येईल. आणि जी काही रक्कम असेल त्यातला दहावा हिस्सा तरी देखभालीसाठी बाजूला काढा, एफडी करा. उद्घाटनानंतर तिसऱ्या पावसाळ्यात रंग कोण लावणार याचं नाव आणि पैसा आत्ता ठरला नाही तर तो कधीच ठरत नाही.

दोन_पोरांची_आई

टॉयलेट आणि पिण्याचं पाणी कलाकृतीच्या बजेटमधून नको, वेगळं धरा. आणि मुलांनाही कोणी विचारा. आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना गँट्रीचं भयंकर आकर्षण आहे, ती रोज कुंपणाबाहेरून बघतात.

पोखरणकर

सगळ्यांचे मनापासून आभार. कमिटीपुढे जो कागद ठेवणार आहे त्याचा मसुदा इथे टाकतोय, खोडा, बदला.

"ही जागा आधी शेती, मग कारखाना आणि आता वस्ती आहे. कलाकाराने तिन्हींशी संबंध असलेलं, याच जागेसाठीचं काम सुचवावं. चिमणी, गँट्री आणि वजनकाटा ऑडिटमध्ये सुरक्षित ठरले तर पाडायचे नाहीत, ते कामाचा भाग होऊ शकतात. माती आणि सांगाड्याचे रिपोर्ट निवड झालेल्या कलाकारांना पहिल्या दिवशी मिळतील. पहिल्या टप्प्यात डिझाइन मागणार नाही, दुसऱ्यात प्रस्तावासाठी मानधन देऊ. जुने कामगार आणि मूळ गावातली माणसं निवड समितीत मतासह असतील. मंजूर आशय पैसे देणाऱ्याला बदलता येणार नाही. काम हात लावण्याजोगं, बसण्याजोगं असावं. प्रवेश सर्वांना खुला. देखभालीचा निधी आणि काम हलवण्याची अट करारात."

बिल्डरकडून विरोध मंजूर आशयाच्या ओळीला होणार, तिथे मी अडून बसणार आहे.

केमिकल_बेल्ट

चांगलं झालंय. "माती खराब निघाल्यास उपाय बिल्डरच्या खर्चाने, कलाकृतीच्या रकमेतून नाही" हे एक वाक्य वाढवा, नाहीतर सगळे पैसे मातीतच जातील.

खाडीकाठ

"मूळ गावातली माणसं" म्हणजे नक्की कोण ते ठरवा, नाहीतर कोणातरी नगरसेवकाचा माणूस येऊन बसेल. जुन्या सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्यांच्या घरातले असं लिहा. उतारे काढायला मी मदत करते, तलाठी कार्यालयात काय मागायचं ते मला माहितीये.

पोखरणकर

दोन्ही वाक्यं घातली. ताई, उताऱ्यांसाठी मेसेज करतो. फिटरकाका, कमिटीची मीटिंग होईल त्याआधी तुम्ही आणि तुमच्या ओळखीचे जुने लोक एकदा प्लॉटवर याल का? सांगाडा_ताई सोबत असतील तर जुनी फाउंडेशन कुठे असतील त्याच्या खुणा करून घेऊ.

रिटायर्ड_फिटर

येतो. त्या कंपनीत मिलराइट (मशीन बसवणारे-दुरुस्त करणारे) होते ते एक जण लोकमान्य नगरला राहतात, त्यांना घेऊन येतो, त्यांना तिथला कोपरा न कोपरा ठाऊक आहे. गुडघ्याचा त्रास आहे त्यांना, तेव्हा गाडी आतपर्यंत सोडायला सांगा.

सांगाडा_ताई

गाडी काट्याच्या बाजूच्या गेटनेच आणा, चिमणीकडून नको. हेल्मेट मी आणते.